सातपुड्याचा निसर्गवारसा : सेतू आणि बेट

(१) प्रश्नाचे स्वरूप

चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूमीस बेट म्हणावे, ही भूगोलाच्या प्राथमिक पुस्तकातील व्याख्या सर्वपरिचित आहे. जीवशास्त्रज्ञ मात्र हा शब्द अधिक व्यापक अर्थाने योजतात. भोवतालच्या प्रदेशात तग धरू न शकणाऱ्या वनस्पतींना व प्राण्यांना जेथे आश्रय मिळतो तो भूभाग त्यांच्या दृष्टीने बेटच होय. मग त्याच्या सभोवती समुद्र असो की नांगरलेली शेते असोत. या अर्थाने नागपूरच्या उत्तरेस पसरलेला सातपुडा पर्वत आज बेटांची एक माळ झालेला आहे. मेळघाट, पचमढी-बोरी, पेंच, कान्हा ही त्या माळेतील मोठी बेटे होत. त्यांच्या मध्ये कापूस, सोयाबीन व गहू पिकविणारी मैदाने, कोळशाच्या खाणी, लोहमार्ग आणि महामार्ग आहेत.

हे बेटपण सातपुड्याला निसर्गाने दिले की इतिहासाने, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. हा प्रश्न केवळ विद्वानांच्या चर्चेपुरता नाही. बेटपण निसर्गदत्त मानले, तर प्रत्येक बेटाभोवती पहारा बसविला की वारशाचे रक्षण झाले, असा निष्कर्ष निघतो. ते मानवी व्यवहारातून घडले असेल, तर ज्या व्यवहारांनी ते घडविले त्यांचा हिशेब मांडावा लागतो, आणि त्या हिशेबात या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोंड, कोरकू व बैगा लोकांचा वाटाही येतो.

(२) शिला आणि जल

पश्चिमेस राजपिपळ्याच्या टेकड्यांपासून पूर्वेस मैकल पर्वत व अमरकंटकापर्यंत सातपुड्याची लांबी सुमारे ९०० किलोमीटर भरते. उत्तरेस नर्मदेचे खोरे, दक्षिणेस तापी-पूर्णेचे खोरे व त्यापुढे नागपूरचे मैदान, अशा सखल प्रदेशांच्या मध्ये हा पर्वत उभा आहे. महादेव डोंगरांतील धूपगड हे १३५० मीटर उंचीचे त्याचे सर्वोच्च शिखर होय. या पर्वताचे महत्त्व त्याच्या उंचीपेक्षा त्याच्या स्थानात अधिक आहे. बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावणारी तापी पश्चिमेकडे जाऊन अरबी समुद्राला मिळते. त्याच परिसरात उगम पावणारी वर्धा दक्षिणेकडे वळते आणि तिचे पाणी अखेर गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरात जाते. कन्हान व पेंच या नद्या छिंदवाड्याच्या पठारावरून उतरतात. नागपूर शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः याच दोन नद्यांचे आहे. सातपुड्याच्या माथ्यावरील वनाचे भवितव्य म्हणूनच मैदानातील नागरिकाच्या दाराशी येऊन पोहोचते.

या प्रदेशाच्या शिलांचा शास्त्रीय अभ्यास नागपुरातूनच सुरू झाला. स्कॉटिश धर्मप्रसारक स्टीफन हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरच्या परिसरात जीवाश्मांचा शोध घेतला आणि १८५५ मध्ये येथील भूरचना व जीवाश्म यांवरील त्यांचा निबंध लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये गोड्या पाण्यातील शिंपले व वनस्पतींची फळे दगड होऊन राहिलेली त्यांना आढळली. ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांच्या मध्यंतरी येथे तळी होती, झाडे होती, हे त्यावरून सिद्ध झाले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या या घटनाक्रमाचे असेच पुरावे पुढे छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथेही मिळाले व त्यांच्याकडे बिरबल साहनी यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे लक्ष वेधले गेले. हिस्लॉप यांचा मात्र ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परत येताना, पुराने फुगलेल्या ओढ्यात बुडून अंत झाला. त्यांनी जमविलेली आदिवासी समाजांविषयीची टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. शिला आणि समाज या दोहोंचे निरीक्षण एकाच व्यक्तीने करावे, ही परंपरा पुढे खंडित झाली.

महादेव डोंगरांचा वालुकाश्म लाव्हाहून कितीतरी प्राचीन आहे. नर्मदेच्या दक्षिणेकडील या शिलासमूहाला हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये, गोंडांच्या राज्यावरून, 'गोंडवाना' हे नाव सुचविले. पुढे एडवर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने १८८५ मध्ये दक्षिण गोलार्धातील खंडांच्या प्राचीन भूमीसाठी तेच नाव स्वीकारले. अशा रीतीने सातपुड्यातील एका समाजाचे नाव जगाच्या भूविज्ञानात कायम झाले. याच दशकांत त्या समाजाचा आपल्या वनावरील अधिकार कसा आकुंचित होत गेला, हे पुढे पाहावयाचे आहे.

(३) जीवसृष्टीची साक्ष

सातपुडा हा मुळात सेतू होता, असे मत भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनी मांडले. हिमालयाच्या पूर्व भागातील वेगवान ओढ्यांत दगडांना चिकटून राहणारे मासे पश्चिम घाटातही आढळतात. मधल्या विस्तीर्ण प्रदेशात मात्र ते नाहीत. ज्या काळी सातपुड्याची रांग अधिक उंच, सलग व आर्द्र होती, त्या काळी हे मासे तिच्या आधाराने पश्चिमेकडे सरकले असावेत, असे होरा यांचे प्रतिपादन होते. १९४९ मध्ये या 'सातपुडा सिद्धान्ता'वर एक परिसंवादही झाला. अलीकडे जनुकीय वंशवृक्षांच्या आधारे या मताची फेरतपासणी होऊन ते सर्व प्रजातींना लागू पडत नाही, असे संशोधकांनी दाखविले आहे. सिद्धान्त ज्या स्वरूपात मांडला गेला त्या स्वरूपात टिकला नाही. तथापि त्याने उपस्थित केलेला प्रश्न टिकून आहे. एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वनांत सजातीय जीव कसे आले आणि मधला दुवा केव्हा तुटला, हा तो प्रश्न होय.

शेकरूचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली ही मोठी खार भीमाशंकरच्या वनात आहे, तशीच ती मेळघाटात व पचमढीतही आहे. झाडावरून झाडावर उड्या घेत जगणारा हा प्राणी उघडे माळरान सहसा ओलांडत नाही. सह्याद्री व सातपुडा यांमध्ये खानदेशाचा व दख्खनचा कोरडा प्रदेश असल्यामुळे सातपुड्यातील शेकरूचे वर्णन १९१३ मध्ये बोरीच्या नमुन्यांवरून निराळी उपजात म्हणून करण्यात आले.

याहून सूक्ष्म पुरावा कॅप्टन जेम्स फॉर्साइथ यांच्या लेखनात आहे. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त टेंपल यांच्या कारकीर्दीत, १८६२ मध्ये, फॉर्साइथ पचमढीच्या पठारावर आले. त्यांनी तेथे बांधलेले 'बायसन लॉज' अद्याप उभे आहे. त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, १८७१ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथात त्यांनी एक लक्षणीय निरीक्षण नोंदविले आहे. साल हा पूर्वेकडील वृक्ष. सातपुड्याच्या पश्चिम भागावर सागाचे राज्य. असे असता देनवा नदीच्या खोऱ्यात, मुख्य सालवनापासून बरेच दूर, सालाचा एक एकाकी पट्टा आहे, आणि पूर्वेच्या सालवनात राहणारे बाराशिंगा व रानकोंबडा हे प्राणी त्या पट्ट्यातही आढळतात. वृक्षाबरोबर त्याचे सहचरही बेटावर अडकून राहिले होते.

या नोंदीवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, सातपुड्यात काही बेटे मनुष्याच्या हस्तक्षेपापूर्वीच, हवामानाच्या व मातीच्या फरकामुळे निर्माण झालेली होती. दुसरी अशी की, निसर्गाने निर्माण केलेले ते बेट जीवांना जगवू शकत होते. देनवेच्या खोऱ्यातील बाराशिंगा हवामान पालटल्यामुळे नाहीसा झाला नाही. फॉर्साइथ यांच्या नोंदीनंतरच्या काळात, शिकार व कुरणांचा ऱ्हास यांच्या माऱ्याखाली तो तेथून गेला. कठीण भूमीवर राहणारी बाराशिंग्याची ही उपजात अखेर फक्त कान्हा येथे उरली, आणि १९७० मध्ये तेथील संख्या अवघी ६६ झाली. कान्ह्यातील संरक्षणाने ती पुन्हा वाढली, तेव्हा २०१५ मध्ये काही प्राणी बोरीच्या वनात आणून सोडण्यात आले. ज्या परिसरात फॉर्साइथ यांनी बाराशिंगा पाहिला, तेथे तो शतकाहून अधिक काळाने मालमोटारीतून परतला. पूर्वी त्याच्या पूर्वजांना त्यासाठी वनाची वाट पुरेशी होती.

रानपिंगळ्याची कथाही याच प्रकारची आहे. १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील बसना परिसरात मिळालेल्या नमुन्यावरून ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या लहान घुबडाचे वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय नमुना मिळाला नाही, व तो नष्ट झाला असे मानले जाऊ लागले. ११३ वर्षांनंतर, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी यांना तो सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ दिसला; पुढे मेळघाटातही त्याचे अस्तित्व सिद्ध झाले.

(४) राज्ये, मार्ग आणि आश्रय

मानवी इतिहासात सातपुडा कधीही निर्जन अथवा अलग नव्हता. पचमढीच्या परिसरातील शैलाश्रयांत चित्रे आहेत व सूक्ष्म पाषाणहत्यारे मिळतात. नागपूर येथील प्राध्यापक जी. आर. हंटर यांनी महादेव डोंगरांत केलेल्या उत्खननाचे वृत्तान्त १९३५ व १९३६ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या नियतकालिकातच प्रसिद्ध झाले होते. या विद्यापीठाच्या संशोधनपरंपरेचा आरंभीचा एक धागा अशा रीतीने सातपुड्याशी जोडलेला आहे.

मध्ययुगात देवगड, गढा-मंडला व खेरला ही राज्ये याच डोंगरांच्या आधाराने उभी राहिली. देवगडच्या जाटबा राजाचा उल्लेख 'आईन-इ-अकबरी'त आहे. त्याच घराण्यातील बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी, १७०२ च्या सुमारास, मैदानातील वाड्या एकत्र करून नागपूर वसविले. नागपूर हे नगर म्हणजे सातपुड्याच्या राज्याने मैदानात टाकलेले पाऊल होय. पहाडातील किल्ला व मैदानातील पेठ ही एकाच सत्तेची दोन अंगे होती, आणि त्यांच्यामध्ये धान्य, मोह, लाख, मध, लाकूड व गुरे यांची ये-जा चाले.

पर्वतातील खिंडी हे उत्तर व दक्षिण यांना जोडणारे मार्ग होते. बऱ्हाणपूरच्या खिंडीवर नजर ठेवणाऱ्या असीरगडास दख्खनचा दरवाजा म्हणत. तो १६०१ मध्ये अकबराने घेतला. दक्षिणेकडील कड्यावर नरनाळा व गाविलगड उभे आहेत. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याने गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी दुसऱ्या रघूजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला.

मार्ग देणारा हा पर्वत पराभूतांना आश्रयही देई. सीताबर्डीच्या लढाईनंतर कैद झालेले अप्पासाहेब भोसले मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले ते महादेव डोंगरांत शिरले. हर्रईच्या चैनशाह या गोंड जहागीरदाराने त्यांना साह्य केले, आणि फेब्रुवारी १८१९ मध्ये ते असीरगडावर पोहोचले. चाळीस वर्षांनी, १८५८ मध्ये, नर्मदा ओलांडून तात्या टोपे सातपुड्यात उतरले तेव्हा हर्राकोटच्या भभूतसिंहाने त्यांची बाजू घेतली. त्याची परिणती भभूतसिंहाच्या मृत्युदंडात व त्याच्या मुलखाच्या जप्तीत झाली. याच मुलखातील बोरीचे वन १८६५ मध्ये राखीव करण्यात आले. भारतातील शास्त्रीय वनव्यवस्थापनाचे आद्यस्थान म्हणून ज्या वनाचा गौरव होतो, ते वन जप्तीतून सरकारकडे आले होते, ही बाब त्याच्या गौरवाबरोबरच सांगितली गेली पाहिजे.

(५) सीमारेषेचा जन्म

१८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर ही त्याची राजधानी झाली. पुढील तीस वर्षांत सातपुड्याच्या स्वरूपात जो पालट झाला, त्याची कारणे मैदानात व डोंगरात एकाच वेळी घडत होती.

मैदानात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत आला. १८७० मध्ये मुंबई-जबलपूर मार्ग पुरा झाला. शेतीचा विस्तार होऊन पायथ्याची झाडी तुटत गेली, आणि लोहमार्गाच्या स्लीपरांसाठी साल व साग यांची मागणी वाढली. डोंगरात वनविभागाची स्थापना झाली. कॅप्टन पियर्सन यांच्या देखरेखीखाली बोरीच्या वनात वणवा रोखण्याचा यशस्वी प्रयोग झाला. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी राखीव वनांभोवती निश्चित रेषा आखल्या. रेषेच्या एका बाजूस नांगर व दुसऱ्या बाजूस वन, अशी स्पष्ट विभागणी या प्रदेशाने पूर्वी पाहिलेली नव्हती. पूर्वी शेती, पडीक जमीन, कुरण, विरळ झाडी व घनदाट वन ही एकमेकांत मिसळत गेलेली असत, आणि डोंगरातील माणूस व श्वापद या दोघांची ये-जा त्या मधल्या पट्ट्यांतून होई.

राखीव वनांमुळे सातपुड्याची वृक्षसंपदा वाचली, हे निर्विवाद होय. ती रेषा नसती, तर बोरीच्या सागाची गत पायथ्याच्या झाडीसारखीच झाली असती. परंतु या रक्षणाची किंमत समानपणे वाटली गेली नाही. झाडे तोडून, जाळून त्या राखेत पेरणी करण्याच्या दाह्या अथवा बेवर पद्धतीवर क्रमाक्रमाने बंदी आली. मंडला जिल्ह्यातील बैगांसाठी १८९० मध्ये 'बैगा चक' म्हणून एक मर्यादित क्षेत्र नेमून दिले गेले. अन्यत्र बेवर निषिद्ध ठरली. बैगा चक हेही एक बेटच होते, मात्र माणसांसाठी आखलेले. दुसरीकडे, ज्या लोकांची शेती वनातून हटविली त्यांनाच लाकूडतोड, रस्ते व अग्निरेषा यांच्या मजुरीसाठी वनात ठेवणे आवश्यक होते, म्हणून 'वनग्रामे' वसविली गेली. त्यांतील रहिवाशांचा जमिनीवरील हक्क विभागाच्या मर्जीवर अवलंबून राहिला. वनाचे जुने रहिवासी अशा रीतीने आपल्याच भूमीत परवानगीने राहणारे झाले.

(६) दोन राज्ये, चार बेटे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली व नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. बैतूल, छिंदवाडा, शिवनी, मंडला व पचमढीचा होशंगाबाद, म्हणजे आजचा नर्मदापुरम्, हे जिल्हे मध्य प्रदेशात राहिले. भाषिक न्यायाच्या दृष्टीने या पुनर्रचनेची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. तथापि शतकभर एकाच राजधानीतून पाहिला गेलेला पर्वत तेव्हापासून दोन कारभारांत विभागला गेला. पेंच नदीच्या दोन्ही तीरांवर एकच वन आहे. तेथे दोन राज्यांची दोन राष्ट्रीय उद्याने व दोन व्याघ्रप्रकल्प आहेत. मराठी अभ्यासकांच्या मनातही सातपुडा मेळघाटापुरता आकुंचित झाला.

संरक्षणाचे कार्य या काळात वाढले. कान्हा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. १९७३ च्या व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत कान्हा व मेळघाट ही दोन्ही होती. पचमढी जीवावरण क्षेत्र १९९९ मध्ये घोषित झाले व २००९ मध्ये युनेस्कोच्या जाळ्यात समाविष्ट झाले. २०२१ मध्ये सातपुडा व्याघ्रप्रकल्पाचे नाव जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आले. परंतु बेटे सुरक्षित होत असताना त्यांमधील वाटा अरुंद होत होत्या. सातपुडा, मेळघाट, पेंच व कान्हा येथील वाघांच्या आनुवंशिक गुणांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. या चार ठिकाणच्या वाघांमधील पूर्वीचे आदानप्रदान अलीकडच्या काळात घटले आहे आणि जेथे वनाची वाट शिल्लक आहे तेथेच ते टिकून आहे, असे त्याचे तात्पर्य होते. कान्हा व पेंच यांच्यामधील वाट ही अशी एक वाट. वंशसातत्याच्या दृष्टीने तिचे मोल एखाद्या नव्या अभयारण्याहून कमी नाही.

या वाटांचा प्रश्न नागपूर-शिवनी महामार्गाच्या रुंदीकरणाच्या वेळी ऐरणीवर आला. दीर्घ वादानंतर पेंचच्या वनातून जाणाऱ्या महाराष्ट्रातील भागात, श्वापदांना खालून जाता यावे यासाठी, नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेण्यात आला. २०१९ पासून तेथे बसविलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह अनेक प्राण्यांची ये-जा नोंदली गेली आहे. तुटलेला सेतू मनुष्यप्रयत्नाने काही अंशी पुन्हा बांधता येतो, याचे हे उदाहरण होय.

माणसांच्या बाबतीत मात्र जुनीच रेषा अधिक ठळक झाली. कान्ह्यातील व मेळघाटातील अनेक गावे व्याघ्रप्रकल्पांसाठी उठविण्यात आली. उठलेल्या गावांच्या जागी कुरणे झाली व त्यांनी बाराशिंग्याला जगविले, हे खरे; ज्यांची ती गावे होती त्यांना नव्या ठिकाणी पाणी, शेत व सरपण काय मिळाले, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने या प्रश्नाला नवे वळण दिले. अमरावती जिल्ह्यात गाविलगड रांगेच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर या गावाने सामूहिक वनहक्क मिळवून उजाड वनजमीन पुन्हा हिरवी केली. राखीव क्षेत्राबाहेरचा, मधला पट्टाच येथे सावरला गेला, आणि तोही गावकऱ्यांच्या अधिकारातून.

(७) उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, सातपुड्यात निसर्गनिर्मित बेटे पूर्वीपासून होती. परंतु ती मिश्र व सच्छिद्र प्रदेशाने परस्परांशी जोडलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापूस, लोहमार्ग व वनकायदा या तिहींनी मिळून तो मधला प्रदेश नाहीसा केला, आणि उरलेल्या वनाला आजचे बेटपण आले. वनकायद्याने वन वाचविले आणि त्याच रेषेने ते एकाकीही केले. या दोन विधानांपैकी एकच स्वीकारणारा इतिहास अपुरा ठरेल.

यातून संशोधनाची एक दिशा सूचित होते. राखीव वनांच्या इतिहासाची साधने विपुल आहेत. त्यांच्या मधल्या प्रदेशाचा, म्हणजे गावरान, कुरण, मालगुजारी झाडी, नदीकाठ व वनग्राम यांचा इतिहास मात्र बंदोबस्ताचे अहवाल, मालगुजारांची दप्तरे आणि गोंड व कोरकू वृद्धांच्या स्मृती यांत विखुरलेला आहे. तो नर्मदेपासून पूर्णेपर्यंत राज्याची सीमा न मानता एकत्र करावा लागेल. बोरीत पुन्हा आलेल्या बाराशिंग्याला कान्ह्याकडे जाणारी वाट आज नाही. ती कोठून जात होती व कोणत्या दशकात, कोणत्या कारणाने बंद झाली, हे दाखविणे नागपूरच्या अभ्यासकाच्या आवाक्यातील काम आहे.